तिकिटावरची बाई

चाटी गल्लीतून रंगाचे डबे काखोटीला मारून चाललेल्या बिरदेव पेंटरला कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. तशी हाक कुणीच मारली नव्हती. दुकानांच्या फळ्या नुकत्या निघत होत्या, माणसं आपापल्या घाईत होती. तरी तो थांबला. वळून बघतो तो शिवयोगीच्या कापडदुकानात मांजरपाटाच्या ताग्यांची नवी चळत लागलेली, आणि सगळ्यात वरच्या ताग्यावर चिकटवलेल्या गिरणीच्या तिकिटावरून एक बाई त्याच्याकडे बघत होती. गिऱ्हाइकाला अक्षर कळो न कळो, चित्र कळतं, म्हणून गिरणीवाले प्रत्येक मालाला एकेक रंगीत तिकीट लावत. कुठे हत्ती, कुठे आगगाडी, कुठे कमळातली लक्ष्मी. माणसं दुकानात येऊन सरळ हत्तीचा मांजरपाट मागत. या नव्या तिकिटावरच्या बाईच्या कडेवर कोकरू होतं. हिरवं लुगडं, आडवं कुंकू, मान जराशी कलती, आणि कानाजवळ एक ढग. तो ढग दिसला आणि बिरदेवच्या काळजाचा ठोका चुकला.

कारण तो ढग नव्हताच. साखर पेठेतल्या सिद्धाप्पाच्या चहाच्या हॉटेलात भिंतीला ओल येऊन पोपडा सुटला होता. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या दिवाळीत बिरदेवनं त्या भिंतीवर ही बाई काढली, तेव्हा सिद्धाप्पा पोपडा खरवडू देईना. खरवडला तर सगळी भिंत हातात येईल, असं त्याचं म्हणणं. मग बिरदेवनं पोपड्याच्या कडेकडेनं ब्रश फिरवला आणि त्याचा ढग करून टाकला. बसलेल्या म्हशीच्या आकाराचा, एका बाजूचं शिंग मोडलेला. असा ढग आभाळात कधी कुणी बघितला नसेल. तिकीट छापणाऱ्यानं तो मोडक्या शिंगासकट उचलला होता, वर त्याला सोनेरी कड लावली होती.

"काय बे बिरू, नजर लागंल मालाला," शिवयोगी गादीवरून म्हणाला.

"शिवयोगीअण्णा, ही बाई माजी हाय."

"घरच्या मायाक्काला ठाव हाय का हे?"

"तसं न्हवं. म्या काढल्याली हाय. सिद्धाप्पाच्या हाटेलात."

शिवयोगीनं चष्मा नाकावर सरकवला आणि तिकिटाच्या तळाची बारीक ओळ वाचून दाखवली. या छापाची नक्कल करणाऱ्यावर कायदेशीर इलाज केला जाईल. बिरदेवला हसू फुटलं. आधी गालात, मग मोठ्यानं, इतकं की समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. शिवयोगी मात्र हसला नाही. "हसू नगं," तो म्हणाला. "गिरणीचा मानूस सकाळी दुकान उघडतानाच हितं येऊन गेला. हिंदुराव म्हनून हाय, छापाचं समदं तोच बघतो. कुनीतरी आमचं तिकीट हाटेलच्या भिंतीवर उतरवलंय म्हनत हुता. पत्ता विचारून गेला. चुना लावून घेनार म्हनं आजच्या आज."

बिरदेव साखर पेठेकडे निघाला. पळायला पाहिजे होतं, हे त्याला कळत होतं. पोपड्यासकट, ढगासकट आपली बाई आज चुन्याखाली जाणार, तीही आपल्याच नकलेची नक्कल म्हणून. पण पाय पळेनात, कारण अंगात एक भलताच आनंद शिरला होता आणि तो आनंद सावकाश चालत होता. खिसा मारला गेला की माणूस खिसा चाचपतो, तसा तो स्वतःला चाचपत होता, आणि चाचपावं तितकं त्याला बरं वाटत होतं. आपल्याकडे चोरून न्यावं असं काहीतरी होतं तर. पाट्या रंगवणारा, लग्नाच्या दारांवर गणपती काढणारा, पत्र्याच्या पेट्यांवर नावं घालणारा आपण, आणि मुंबईच्या छापखान्यात बसलेल्या कुणा शहाण्याला आपली बाई घ्यावीशी वाटली. हा माल निजामाच्या राज्यात जातो, पार रंगूनला जातो, असं शिवयोगी म्हणाला होता. म्हणजे रंगूनच्या कुठल्याशा दुकानात सिद्धाप्पाच्या भिंतीची ओल सोनेरी कड लावून बसली असेल. हे घरी बायकोला, मायाक्काला कसं सांगावं, याचीच त्याला घाई झाली होती. चोराचा राग यायला हवा होता, निदान रीत म्हणून तरी. पण राग धरायला गेलं की तो हसतच हातात यायचा.

मधेच, बाळीवेशीच्या वळणाला, त्या आनंदाला पहिली ठेच लागली. बाई माझी, असं आपण शिवयोगीला छातीठोक सांगून आलो खरं. माझी म्हणजे कितीशी माझी? बिरदेव कुणाकडे चित्रकला शिकलेला नव्हता. सांगोल्याकडच्या माळावर बकरी राखताना तो मेंढरांना खूण करायच्या गेरूनं दगडांवर रेघोट्या ओढायचा, तेवढंच काय ते शिक्षण. पुढे सोलापुरात येऊन गिरणीत लागला, तिथून सुटून पाट्या रंगवायला लागला, आणि जे काही शिकला ते दुसऱ्याच्या चित्रावर कागद ठेवून शिकला. तेल लावून पारदर्शक केलेला कागद चित्रावर ठेवायचा, रेघ उतरवायची, रेघेवर सुईनं भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची. भिंतीवर ठिपके उमटतात. ते जोडले की देव तयार. त्याच्या घरी अशा खाक्यांची वळकटी होती. या बाईच्या लुगड्याचा काठ त्यानं दुसऱ्याच एका गिरणीच्या तिकिटावरून घेतला होता, मागची टेकडी विलायती साबणाच्या डब्यावरून. आणि बाई? बाई यशोदा होती. गड्ड्याच्या जत्रेत घेतलेलं मुंबईच्याच वेगळ्या एका छापखान्याचं चित्र, घरात चुलीच्या धुरानं पिवळं पडलेलं. कडेवर बाळकृष्ण घेतलेली, कमरेपर्यंतची यशोदा. मान तीच, हात तोच, हाताच्या बोटांची बाळाच्या मांडीवरची पकडही तीच. बिरदेवनं फक्त कृष्ण काढून तिथे कोकरू बसवलं होतं. सिद्धाप्पा लिंगायत माणूस, भिंतीवर काय काढू म्हणून विचारलं तर काहीबी काढ, पन देव नको, गिऱ्हाइकं तिथं बिड्या पितात, असं म्हणाला होता, म्हणून.

त्या यशोदेच्या तळालाही एक बारीक ओळ होती. सर्व हक्क स्वाधीन. पहिली कित्येक वर्षं बिरदेवची समजूत अशी होती की चांगल्या चित्राला जशी चौकट असते तशी खाली ही ओळ असते. म्हणून एकदा एका वाण्याच्या दारावर गणपती काढला तेव्हा त्यानं उंदराच्या खाली ती ओळही अक्षरा-अक्षरानं उतरवली होती, लाल रंगात, फार मन लावून. वाण्याला ती फार आवडली. पुढे कुणीतरी अर्थ सांगितला तेव्हा बिरदेव आठवडाभर त्या गल्लीनं गेला नाही. आता चालता चालता ते आठवून त्याला पुन्हा हसू आलं, पण या हसण्याला थोडी आच लागली होती. आपण चोर. आपल्या घरात चोर शिरला. आणि आपण चोराला पकडायला निघालो आहोत, हातात दुसऱ्याचा कंदील घेऊन. तरी बाई पुसली जाणार हा विचार मनात आला की पाय आपोआप झपझप उचलायचे, आणि ती घाई काही उसनी नव्हती.

हॉटेलच्या पायरीशी चुन्याची बादली येऊन बसली होती. आत कोट आणि फेटा घातलेले हिंदुराव हातात तिकीट धरून भिंतीसमोर उभे होते, आणि सिद्धाप्पा कपबश्या सोडून त्यांच्याशी हुज्जत घालत होता. बाकावर बसलेले दोघे विणकर आपसात तेलुगूत काही बोलून हसत होते. त्यांच्या दृष्टीनं आजचा चहा फुकटात गोड झाला होता.

"इल्ला, न्हाई साहेब," सिद्धाप्पा म्हणत होता. "ही बाई आदी. तुमची मागनं. हा बगा आला पेंटर."

हिंदुरावांनी बिरदेवला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माणूस उर्मट नव्हता. "हे बघ," ते म्हणाले, "या छापाची मुंबईला नोंद झालेली आहे. उद्या कुणीही उठून आमची बाई लावून आपला माल विकेल. मला भिंत साफ करून जायचंय. तुझ्यावर माझं वैर नाही."

बिरदेवनं काखेतले डबे खाली ठेवले. त्यानं पुढे होऊन ढगाच्या मोडक्या शिंगावर नख लावलं. शिंगाचा पोपडा सुटून त्याच्या तळहातावर आला, आणि खाली ओली, काळपट भिंत दिसली. मग त्यानं हिंदुरावांच्या हातातल्या तिकिटावरच्या शिंगावर बोट ठेवलं. हिंदुरावांनी तिकीट बघितलं, पोपडा बघितला, पुन्हा तिकीट बघितलं. विणकरांपैकी एकजण उठून जवळ आला. हिंदुरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि ते चक्क हसले. "हात्तिच्या," ते म्हणाले. "म्हणजे तिकिटाच्या चित्रकारानं इथं बसून भिंतीची ओलसुद्धा काढली. आम्हाला सांगितलं, नवीन कल्पना आहे म्हणून. हा ढग आमच्या मॅनेजरसाहेबांना फार आवडला होता."

सिद्धाप्पानं लगेच चहा टाकला. बशीतून चहा पिताना हिंदुरावांचा सूरच बदलला होता. "असं करू," ते म्हणाले. "भिंत राहू दे. मी मुंबईला कळवतो की मूळ चित्र सोलापूरचंच, तुझं. पुढच्या छपाईत कोपऱ्यात तुझं नाव घालायला लावतो. एवढं फक्त मला चारचौघांत सांग, की हे चित्र तू तुझ्या डोक्यातनं काढलंस. कशावरनं घेतलं नाहीस."

बिरदेवनं हातातली बशी बाकावर ठेवली. बिरदेव पेंटर, सोलापूर. बारीक का होईना, छापील. निजामाच्या राज्यात, रंगूनमध्ये, ताग्याताग्यावर. हो म्हणायला एकच अक्षर लागत होतं, आणि ते जिभेच्या टोकावर येऊन बसलंही होतं. विणकर बघत होते, सिद्धाप्पा बघत होता, भिंतीवरून बाई बघत होती. यशोदेचीच मान होती ती. घरी धुरानं पिवळी पडलेली यशोदा रोज सकाळी याच मानेनं त्याच्याकडे बघायची. मुंबईत कुठेतरी एका माणसानं ती मान पहिल्यांदा कलती केली असेल. त्याचं नाव त्या चित्रावर होतं की नव्हतं, हेसुद्धा बिरदेवनं कधी बघितलं नव्हतं. आज सकाळी आपल्याला जे झालं, ढग बघून जो ठोका चुकला, तो त्या माणसाचा कधी चुकलाच नसेल, कारण तो सिद्धाप्पाच्या हॉटेलात कधी आलेला नसणार. त्याचा ठोका आपण खाऊन बसलो. आणि गंमत अशी की हे कळल्यावर बिरदेवला वाईट वाटायच्या ऐवजी एकदम हलकं वाटलं.

"न्हाय साहेब," तो म्हणाला. "मान आन् हात यशोदेच्या फोटोवरनं घेतलाय. गड्ड्यात घेतल्याला फोटो. काठ बी दुसऱ्याचा, टेकाड बी दुसऱ्याचं. ढग सिद्धाप्पाच्या भिंतीचा."

"आणि तुझं काय?"

"कोकरू माजं."

हिंदुरावांनी तिकीट उलटंपालटं करून पाहिलं. त्यांचा चहा निवला. तो यशोदेवाला छापखाना भांडायला फार हुशार होता, हे त्यांना ठाऊक असावं. "तू आता मला अडचणीत आणलंस," ते म्हणाले. "तिकीट मी बंद करवतो, ते माझं काम. पण ही भिंत अशीच राहिली तर उद्या तो छापखानावाला इथं येऊन तुला धरेल, आणि धाग्यानं धागा काढत आम्हाला. मी दिवस मावळायला परत येतो. तोवर ही बाई त्या यशोदेची वाटू नये आणि आमच्या तिकिटाचीही वाटू नये, असं काही करता येत असेल तर कर. नाहीतर ही बादली आहेच." आणि फेटा सारखा करून ते निघून गेले.

बिरदेव भिंतीसमोर उभा राहिला. लुगडं लाल करावं, तर लाल लुगड्याची त्याच्याजवळ तीन-चार चित्रं होती, सगळी दुसऱ्यांची. मान सरळ करावी, तर सरळ मानेची लक्ष्मी होती. हात जिकडे वळवावा तिकडे कुणाचं तरी चित्र आधीच जाऊन बसलेलं. आपल्या डोक्यात आपलं असं काही असतं की नाही, हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा पडला, आणि पडला तोही सकाळच्या त्या आनंदावर. तो काही केल्या विझायला तयार नव्हता. त्याला उगीचच वाटत होतं की उत्तर इथेच कुठेतरी आहे, आणि ते सापडलं की आपल्याला हसू येणार आहे. त्यानं सिद्धाप्पाला बाक बाजूला घ्यायला सांगितलं, निदान मागे सरून नीट बघता तरी यावं म्हणून. विणकर कुरकुरत उठले. बाक सरकला आणि भिंतीचा खालचा भाग उघडा पडला. तिथे काहीच नव्हतं. बाई कमरेशी संपत होती, कारण यशोदा कमरेशी संपत होती, आणि खाली बाकच असणार म्हणून बिरदेवनंही पुढे काही काढलं नव्हतं. गिऱ्हाइकांच्या पाठींनी चोपडा झालेला कोरा चुना तेवढा होता.

तो खाली बसला. उकिडवा बसल्यावर ती कोरी भिंत बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर आली, पोराच्या उंचीला, आणि त्याला वाट दिसली. दुष्काळाच्या सालची वाट, सांगोल्याकडून चारापाणी शोधत निघालेली. पुढे मेंढरं, मेंढरांमागे आई, गोजाबाई, आणि आईमागे तो. आई मरून वर्षं लोटली होती, आणि लाजेची गोष्ट म्हणजे तिचा तरणेपणीचा चेहरा त्याला नीट आठवत नसे. मायाक्का एखाद्या वेळी विचारायची, आत्याबाई तरणेपणी कशा हुत्या दिसायला, आणि त्याला सांगता यायचं नाही. आता त्याला कारण कळलं. चालणाऱ्या आईचा चेहरा मागच्या पोराला दिसतच नाही. त्याला दिसत होते पाय. दिवस दिवस, माळामागून माळ, पाय. धुळीनं पांढरे झालेले, टाचांना भेगा, उजव्या पायाची करंगळी बाजूला फाकलेली, कारण तिच्यात बाभळीचा काटा मोडला होता आणि तो कधी निघालाच नाही. त्या वाटेवर एक मेंढी मेली, तेव्हा तिचं कोकरू आईनं कडेवर घेतलं होतं. मेंढकी कोकरू खांद्यावर टाकतात, ओंजळीत धरतात. पण आईनं कडेवर घेतलं, तान्ह्या पोरासारखं, आणि वाटभर त्याच्याशी बोलत राहिली. मागून चालणाऱ्या बिरदेवला त्या कोकराचा इतका हेवा वाटला होता की त्यानं एकदा त्याला गुपचूप चिमटा काढला. म्हणजे गड्ड्याच्या गर्दीत त्या यशोदेसमोर तो थांबला होता तो उगीच नव्हता. हात छापखान्याचाच होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या हातात कोकरू आहे हे बिरदेवला आधीपासून माहीत होतं. त्याला हसू आलं. डोळ्यांत पाणी आलं ते हसण्यानंच आलं, असं त्यानं सिद्धाप्पाला सांगितलं.

मग त्यानं जवसाच्या तेलात रंग कालवले. खाका नव्हता, पुरचुंडी नव्हती, ठिपके नव्हते. कोऱ्या भिंतीवर हात अडेल असं वाटलं होतं, पण हाताला जणू वाट ठाऊक होती. हिरवं लुगडं खाली उतरलं, पोटऱ्यांपर्यंत खोचलेलं. माळाचे दगड आले, मेंढरांच्या खुरांची धूळ आली. एक पाऊल पुढे पडलेलं, एक मागे उचललेलं, टाच दाखवणारं. सिद्धाप्पानं दुपारचं जेवण भाकरीवर भाजी घालून तिथेच आणून दिलं. येणारे-जाणारे विणकर उभ्यानं चहा पीत बघत राहिले. कुणीतरी तेलुगूत विचारलं, ही बाई कुठे निघाली, आणि दुसऱ्यानं उत्तर दिलं, हैदराबादला, आणि सगळे हसले. बिरदेवही हसला. इतका सुखाचा दिवस त्याला मागे कधी आठवत नव्हता.

हिंदुराव आले तेव्हा ऊन जमिनीवरून सरकत भिंतीतल्या पायांवर आलं होतं. त्यांनी तिकीट बाईच्या चेहऱ्याशी धरलं, मग खाली बघितलं, मग तिकीट खिशात घातलं. "आमची नुसती उभी आहे," ते थोड्या वेळानं म्हणाले. "ही चाललीय." एवढं बोलून ते चुन्याच्या बादलीपाशी गेले आणि ती स्वतः उचलून पायरीखाली ठेवून आले. जाताना त्यांनी मागे वळून एकदा पुन्हा बघितलं.

मायाक्का मागवाल्याकडे सुताच्या कांड्या भरून याच रस्त्यानं घरी जायची. हॉटेलात बायका शिरत नसत. रस्त्यावरून माणसांच्या डोक्यांवर दिसायची तेवढीच बाई तिनं आजवर बघितली होती, आणि तुमची ती हाटेलातली गोरी, म्हणून ती बिरदेवला चिडवायची. आज बाक हललेला, माणसं बाजूला उभी, म्हणून ती पायरीशी थांबली. तिकीट, गिरणी, रंगून, सगळं सांगायला बिरदेव पुढे झाला. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. आधी तिनं चेहरा बघितला, नेहमीसारखा, नाक मुरडून. मग तिची नजर खाली गेली, आणि तिथेच राहिली. शेवटच्या वर्षात गोजाबाईंचं अंग चालेनासं झालं, तेव्हा रोज रात्री ते पाय मांडीवर घेऊन त्यांना एरंडेल चोळलं होतं ते हिनं.

तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पायरी चढली, आणि पुरुषांनी भरलेल्या हॉटेलात सरळ आत आली. माणसांनी सरकून तिला वाट दिली. "आत्याबाईंच्या टाचा काय तुमी बऱ्या व्हऊ दिल्या न्हाईत," ती बिरदेवला हळू आवाजात म्हणाली. मग ती वाकली. रंग ओला आहे, असं सांगायला बिरदेवनं तोंड उघडलं आणि मिटलं. मायाक्कानं दोन्ही पावलांना बोटं लावली आणि कपाळाला नेली. ती उभी राहिली तेव्हा तिच्या कुंकवावर वाटेची धूळ लागली होती, आणि भिंतीवर फाकलेल्या करंगळीपाशी तिच्या बोटांचे ठसे उमटले होते.

"पुसटलं की बे," सिद्धाप्पा म्हणाला. "नीट करून घे, ओलं हाय तवर."

"ऱ्हाऊ दे," बिरदेव म्हणाला, आणि त्यानं डब्यांची झाकणं लावायला घेतली.